देऱ्याची खजुरी, इंग्लंडचा पाऊस

देरा येथे राहणाऱ्या माणसाला खजुरीचे अप्रूप फार दिवस टिकत नाही. खाडीच्या काठाने चालावे, अल रिग्गाच्या रस्त्याने जावे, विमानतळाच्या दिशेने वळावे. ती सगळीकडे रांगेने उभी असते. तिच्या मुळाशी काळ्या नळ्या पसरलेल्या असतात आणि त्यांतून शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी तिला मिळत राहते. उन्हाळ्यात तिच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या दिसल्या की जून लागला हे आम्हांला कळते. आमच्या देऱ्याने तर एकदा समुद्रातच खजुरीचे झाड काढायला घेतले होते. २००४ मध्ये ‘पाम देरा’ या कृत्रिम बेटाची घोषणा झाली. पुढे काम रखडले, आकार बदलला, नाव ‘देरा आयलंड्स’ झाले आणि २०२२ पासून ‘दुबई आयलंड्स’. कधीच न उगवलेल्या त्या झाडाचे नाव मेट्रोच्या एका स्थानकाला मात्र बरीच वर्षे होते, आणि आम्ही त्या स्थानकावर अनेकदा उतरलो आहोत.

हा लेख दोन झाडांविषयी आहे. एक आमच्या नायफ भागातील चौथ्या मजल्यावरच्या सज्जात वाढले. दुसरे इंग्लंडच्या मध्य भागात, वुल्व्हरहॅम्प्टन येथे, आमच्या लेकीच्या घरामागे उभे आहे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे झाड होते. ते मेले. त्याच्याविषयी अधिक लिहावे लागेल, कारण झाड का मेले हे समजल्याशिवाय झाड का जगते हेही समजत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या कित्येक घरांतील मुले आखातातून इंग्लंड-आयर्लंडकडे गेली. परसात पाऊलभर जमीन मिळाली की त्यांनाही इकडचे एखादे झाड तिकडे लावावेसे वाटते. त्यांच्या उपयोगी पडावे एवढाच लिहिण्याचा हेतू.

सज्जातील झाड आईंनी लावले. २००९ च्या हिवाळ्यात त्या नागपूरहून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. १९५६ च्या ऑक्टोबरात, आठव्या वर्षी, वडिलांचे बोट धरून त्या दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. त्या दिवसाविषयी विचारले की गर्दी आणि पांढरी लुगडी एवढेच आठवते असे सांगत. त्यात कधी पदरचे घालत नसत. देऱ्यात आल्यावर रस्त्यावरच्या खजुरीकडे बोट दाखवून त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: “ही तर आपली सिंदी.”

त्यांचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. ज्या झाडाला उर्वरित महाराष्ट्र शिंदी म्हणतो आणि विदर्भ सिंदी म्हणतो, ते अरबस्तानच्या खजुरीचे सख्खे भावंड आहे. कुळ एक, पानांची ठेवण एक, खोडावरचे खवलेही तसेच. फळ मात्र बारीक, जास्त बीचे आणि कमी गराचे. वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाचे रेल्वेचे गावच आहे. नाल्याच्या काठी, गावठाणाच्या कडेला ती आपोआप उगवते. तिच्या पानांचे फडे आणि चटया होतात, रसाची नीरा आणि ताडी होते. आईंच्या लहानपणी सिंदी म्हणजे फडा. घरातल्या बायका पाने चिरून, वाळवून, बांधून बाजारात नेत. झाडूची आठवण आपल्या समाजात साधी नसते. १९३६ साली लाहोरला न होऊ शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी पेशवाईतील पुण्याचा दाखला दिला आहे. अस्पृश्याने स्वतःची पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधून फिरावे, असा तिथे दंडक होता. आई हे सर्व वाचून होत्या. तरीही सिंदीवर त्यांचा राग नव्हता. झाडाने काय केले, असे त्या म्हणत.

त्या हिवाळ्यात मासळी बाजारालगतच्या दुकानातून आणलेल्या खलास जातीच्या खजुराच्या बिया त्यांनी फेकू दिल्या नाहीत. दोन दिवस पाण्यात भिजवल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ ठेवून दिल्या. खजुराची बी रुजताना पाहणे मौजेचे असते. कोंब टोकातून फुटत नाही. बीच्या पाठीवर एक बारीक टिंब असते, तिथून पांढरा दोर निघतो आणि थेट खाली जातो. पहिले पान त्या दोराच्या खालच्या अंगाने, बीपासून थोडे दूर, वर येते. म्हणूनच उथळ कुंडी उपयोगाची नसते. आईंनी तेलाचा सोळा लिटरचा डबा घेतला, बुडाला भोके पाडली आणि त्यात पाच बिया लावल्या. तीन उगवल्या. त्यांतील एक ठेवली.

पहिले वर्षभर ते झाड गवताच्या पात्यासारखे दिसत होते. शेजारच्या बिऱ्हाडातील मल्याळी बाई त्याला लसणीची पात समजल्या होत्या. पिसासारखी चिरलेली पाने तिसऱ्या वर्षी आली. आमची लेक तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गांत होती. ती देऱ्यातच जन्मली आणि वाढली. या शहराचा प्रत्येक बोळ तिला ठाऊक. पण इथला रहिवास हा वडिलांच्या नोकरीला बांधलेला असतो, हे तिला शाळेत असतानाच कळले होते. इथल्या मुलांना ते लवकर कळते. आजीचे झाड मात्र तिचे होते. आई दरवर्षी व्हिसाची मुदत संपली की परत जात, आणि मग पाणी घालण्याचे काम तिच्याकडे येई.

आता खजुरीच्या स्वभावाविषयी. तिचे पाय पाण्यात आणि डोके आगीत असावे, अशा अर्थाची म्हण अरब शेतकरी पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. ओअ‍ॅसिसमधली झाडे पाहिली की तिचा अर्थ उमगतो. अल ऐनच्या बागांत, ज्यांना २०११ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, फलज नावाच्या पाटांतून पाणी खेळवलेले आहे. मुळाशी ओल आहे आणि वर कोरडी, कडक हवा आहे. फळ पिकण्याच्या दिवसांत खजुरीला पाऊस खपत नाही. घड चिरतात, आंबतात. कच्छमध्ये खजूर पूर्ण पिकण्याआधीच, पिवळा-लाल आणि कडक असताना उतरवतात, कारण पुढे मोसमी पाऊस येतो. खारटपणा ती सोसते. थंडीसुद्धा ती सोसते, हे पुष्कळांना माहीत नसते. वाळवंटातल्या रात्री गार असतात, आणि मोठ्या झाडाने शून्याखालचे काही अंश एखादी रात्र सोसले तरी ते मरत नाही, मात्र जमीन आणि हवा कोरडी असली पाहिजे. थंडी आणि ओल एकत्र आल्या की तिचे काही चालत नाही.

हे आम्हांला २०१७ मध्ये माहीत असते तर बरे झाले असते. त्या वर्षी लेक परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली. सज्जातले झाड न्यावे असा तिचा हट्ट होता. चौकशी केली तेव्हा कळले की मातीसह रोप परदेशी नेणे म्हणजे तपासण्यांचे आणि दाखल्यांचे मोठे काम आहे. त्यात पाम जातीच्या झाडांकडे अधिकच संशयाने पाहतात, कारण लाल सोंड्या भुंगा त्यांच्या खोडांतून देशोदेशी पोचला आहे. हा भुंगा मूळचा आपल्याकडचाच, नारळाच्या बागांतला. आखातात आणि मग भूमध्य समुद्राच्या काठाने त्याने लक्षावधी झाडे पोखरली. गंमत अशी की झाड नेता येत नाही, पण खजूर नेता येतो. वनस्पती-आरोग्याच्या दाखल्यातून जी मोजकी फळे वगळलेली आहेत, त्यांत केळे, अननस, नारळ आणि खजूर आहेत. त्या वेळी आई आमच्याकडेच होत्या. वॉटरफ्रंट मार्केट नुकतेच उघडले होते. तिथे जाऊन त्यांनी स्वतः चाखून दोन किलो खजूर निवडले आणि नातीच्या सामानात बांधून दिले. “खा आणि बी लाव,” एवढेच सांगितले.

२०१८ च्या ऑक्टोबरात, विजयादशमीच्या आधीच्या आठवड्यात, आई नागपूरला वारल्या. लेकीला रजा मिळाली नाही.

तिकडे भाड्याच्या खोलीत, खिडकीच्या कडेला, खाली तापणाऱ्या रेडिएटरच्या ऊबेवर तिने लावलेल्या बियांपैकी एक जगली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात तिने व जावयांनी मागे लहानशी बाग असलेले घर घेतले. झाड जमिनीत लावायचे ठरले आणि तिने दिवस निवडला १४ ऑक्टोबर. कोणीही हाच दिवस निवडला असता. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा दिवस, आणि आजीला जाऊन नुकतेच वर्ष झालेले. आम्ही इथून मोबाईलच्या पडद्यावर पाहिले. वंदना झाली, खड्डा खणला गेला, झाड लागले. देऱ्यात त्या दिवशी पस्तीस अंश ऊन होते आणि तिकडे लेकीच्या अंगावर रेनकोट.

त्या झाडाची बातमी आम्हांला पुढचे आठ महिने मिळाली नाही. विचारले की “ठीक आहे” म्हणे. मार्च २०२० पासून तर सर्वांनाच दुसरे विषय होते. ती रुग्णालयात रात्रपाळ्या करत होती आणि आम्ही देऱ्यातील टाळेबंदीत नायफमध्ये अडकलो होतो. जूनमध्ये एका रात्री ती फोनवर एकाएकी म्हणाली, “बाबा, आजीचं झाड फेब्रुवारीतच गेलं.” तिने सांगितले नव्हते, कारण कसे सांगावे ते तिला कळत नव्हते.

झाले होते ते असे. तो हिवाळा तिकडे कडाक्याचा नव्हताच, उलट सौम्य होता. पण फेब्रुवारी २०२० हा ब्रिटनच्या नोंदींतील सर्वांत ओला फेब्रुवारी ठरला. किआरा आणि डेनिस नावाची वादळे लागोपाठ आली. लेकीच्या बागेतली माती चिकट, तांबूस. खड्डा खणून त्यात भुसभुशीत खतमाती भरल्यामुळे तो एखाद्या हौदासारखा झाला. चहूकडचे पाणी त्यात उतरले आणि तिथेच राहिले. नवे कोवळे पान, जे भाल्यासारखे मिटलेले मधून वर येते, ते एके दिवशी तपकिरी दिसले. तिने हलकेच ओढले तर ते सहज हातात आले. बुडाशी कुजका वास होता. बाहेरची पाने आणखी तीन आठवडे हिरवी होती, म्हणून तिला आशा वाटत राहिली. वास्तविक झाड त्याच दिवशी गेलेले होते.

पाम कुळातल्या झाडाला बहुधा वाढीचा एकच डोळा असतो, शेंड्यात, पानांच्या गाभ्यात. आंबा तोडला तर बाजूने फुटतो, पिंपळ तर भिंतीतूनही फुटतो. ताडाचा शेंडा गेला की ताड गेला. खजुरीला लहानपणी बुडाशी पिल्ले फुटतात हा तेवढा अपवाद, आणि या रोपाला ती फुटण्याइतके वय मिळाले नाही. प्राचीन भारतातल्या माणसांना ताडाचे हे वैशिष्ट्य चांगले ठाऊक होते. पाली सुत्तांत तृष्णेच्या समूळ नाशासाठी पुन्हापुन्हा येणारा शब्द आहे ‘तालावत्थुकत’: शेंडा तोडलेल्या ताडाच्या बुंध्यासारखी झालेली, पुन्हा न फुटणारी. आम्ही ही उपमा वंदनेनंतरच्या वाचनात कितीदा तरी ऐकली होती. तिच्यामागे असे साधे झाडाचे ज्ञान आहे हे मात्र त्या जूनमध्ये प्रथम ध्यानात आले. विनयात याचीच दुसरी बाजू आहे. काही भिक्खूंनी पादत्राणांसाठी कोवळ्या ताडांची पाने तोडली, ती झाडे वाळली, लोकांनी नापसंती दाखवली आणि भगवंतांनी तशी पादत्राणे वापरण्यास मनाई केली. ज्या झाडाला एकच डोळा आहे त्याला जपून हात लावावा, हे तिथेही आहे.

पावसाचे आकडे आम्ही नंतर ताडून पाहिले आणि चकित झालो. इंग्लंडच्या त्या भागात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागपूरला त्याहून कितीतरी अधिक, हजाराच्या वर, आणि तरीही नागपूरच्या नाल्याकाठी सिंदी सुखाने वाढते. फरक पावसाच्या मापात नाही. आपला पाऊस चार महिन्यांत, उबदार हवेत येतो. मुळे त्या वेळी काम करत असतात, ओल शोषतात, आणि नंतर आठ महिने जमीन तापत-वाळत राहते. तिकडचा पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो. नोव्हेंबर ते मार्च दिवस आखूड, ऊन नावापुरते, माती चार-पाच अंशांवर. खजुरीची मुळे तेव्हा झोपलेली असतात आणि झोपलेली मुळे गार पाण्यात बुडून राहतात. दुबईला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो, तोही मोजक्या दिवसांत. १६ एप्रिल २०२४ रोजी वर्षाहून अधिक पाऊस एकाच दिवसात झाला आणि देऱ्याचे रस्ते कालवे झाले, तेव्हा रस्त्यावरच्या खजुऱ्या गुडघाभर पाण्यात होत्या. त्यांना काही झाले नाही. ते पाणी कोमट होते आणि आठवड्यात गेले.

दुसऱ्या झाडाची सूचना वुल्व्हरहॅम्प्टनच्या बुद्धविहारातून आली. हे विहार प्रामुख्याने पंजाबी आंबेडकरी कुटुंबांनी उभे केले आहे. मिडलँड्सच्या ओतकाम कारखान्यांत घाम गाळलेली ती पिढी. त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांना लेक ‘अंकलजी’ म्हणते, चाळीस वर्षे बागकाम करतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की या मातीत खजूर पुन्हा लावू नकोस. पाम लावायचाच तर चुसान लाव.

लेकीला ते पटेना. तिचे म्हणणे स्पष्ट होते: ते आजीचे झाड नव्हे. यावर आम्ही काय बोलणार? वर्षभर तो विषय तसाच राहिला. मग आम्ही दोघांनी टाळेबंदीच्या रिकामपणात त्या झाडाविषयी मिळेल ते वाचले. जे सापडले ते तिला कळवत गेलो, आग्रह न करता.

चुसान पाम हा पंख्यासारख्या पानांचा, एकाच सरळ खोडाचा वृक्ष. खोडावर तपकिरी काथ्याची जाड गोधडी असते. तो मूळचा चीनच्या डोंगराळ, पावसाळी प्रदेशातला. नाव पडले ते चुसान, म्हणजे आजच्या झौशान द्वीपसमूहावरून. तिथे रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने तो पाहिला आणि १८४९ मध्ये त्याची रोपे इंग्लंडला पाठवली. हाच फॉर्च्यून त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपे आणि कारागीर गुपचूप हिंदुस्थानात आणत होता. त्याच्या आधी सीबोल्ड या जर्मन वैद्याने १८३० मध्ये जपानमधून बिया युरोपात नेल्या होत्या. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. झौशानच्या बेटांतच पुतुओ पर्वत आहे, चिनी बौद्धांच्या चार पवित्र पर्वतांपैकी एक, अवलोकितेश्वराचे स्थान मानलेला. आम्ही नवयानी माणसे; अवलोकितेश्वराची पूजा आमच्या घरात नाही. तरीही आपल्या लेकीच्या परसात येऊ घातलेले झाड कोणत्या मुलखातले, हे कळल्यावर ते एकदम परके राहिले नाही.

चीनमध्ये या खोडावरच्या काथ्याचे दोर, झाडू आणि पावसात पांघरायची अंगवस्त्रे करत. आपल्याकडे कोकणात भातलावणीच्या वेळी बायका पाठीवर पानांचे इरले घेतात, तसाच प्रकार. झाडू म्हटल्यावर लेक फोनवर हसली. “म्हणजे ही पण सिंदीच,” असे ती म्हणाली. मे २०२१ मध्ये झाड लागले.

या जातीचे नातेवाईक हिमालयातही आहेत. कुमाऊँमध्ये, पिथोरागडजवळच्या डोंगरांत, दोन हजार मीटरच्या वर ‘ताकिल’ नावाचा पाम बर्फात उभा असतो. दार्जिलिंग-कालिम्पोंगच्या बाजूला आणि मणिपुरात आणखी जाती आहेत. पाम म्हटला की समुद्रकिनारा, ही आपली समजूत नारळाने करून दिलेली आहे. एरवी आपल्या धम्माचा तर या कुळाशी फार जुना संबंध. लंकेतील अलुविहार येथे इसवी सनाच्या आधीच्या शतकात त्रिपिटक प्रथम लिहून काढले गेले असे परंपरा सांगते, ते ताडाच्याच जातीच्या पानांवर. आणि थेरवादी देशांतल्या भिक्खूंच्या हातातला पंखाही मुळात ताडपत्राचाच.

आता लावणीचे. या वेळी लेकीने आधी सहा आठवडे जमीन पाहिली. पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचते, कुठून वाहून जाते, वारा कोणत्या बाजूने येतो, दुपारचे ऊन कुठे पडते. कुंपणाच्या आत, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीपासून आठ फुटांवर जागा ठरली. वाऱ्याची काळजी अधिक घ्यावी लागते. चुसान वाऱ्याने मरत नाही, पण त्याचे पंखे फाटून चिंध्या होतात आणि झाड दीनवाणे दिसते. ज्यांचे घर उघड्यावर आहे त्यांनी आखूड, ताठ पानांची ‘वॅग्नेरियानस’ ही जात घ्यावी.

खड्डा खोल नव्हे, रुंद खणला. कुंडीतल्या मुळांच्या गोळ्याएवढीच खोली, पण रुंदी तिप्पट. तळ कुदळीने फोडून सैल केला. बाहेर काढलेलीच माती खडी मिसळून परत भरली. निराळी मऊ माती आणून भरली की पुन्हा हौद होतो, हा धडा एकदा शिकून झाला होता. सगळी जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच केली, म्हणजे पाणी खोडापासून बाजूला वाहते. खोड मातीत गाडले नाही. झाड तीन फुटांचे घेतले. मोठे, महागडे झाड आणले तर ते मुळे धरायला दोनतीन वर्षे रुसून बसते, असे अंकलजींचे मत, आणि पैशांच्या दृष्टीने ते आम्हांला लगेच पटले. मुख्य म्हणजे महिना मे होता. पुढचे पाच महिने मुळांना पसरायला मिळाले. ऑक्टोबरात लावलेल्या झाडाला तो अवधी मिळत नाही. दिनविशेष आपल्याला असतात, झाडाला ऋतू असतो. १४ ऑक्टोबरला आता लेक त्या झाडापाशी मेणबत्ती लावते आणि खणण्याचे काम वसंतात करते.

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात मात्र पाणी घालावे लागले. पावसाळी देशातही जुलैत तीन आठवडे कोरडे जातात आणि नव्या झाडाला ते जाणवतात. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत दोनतीनदा खत. बुंध्याभोवती झाडाच्या सालीचा चुरा पसरला, पण खोडाला टेकू न देता. खोडावरचा काथ्या काढून टाकून खोड गुळगुळीत करण्याची एक हौस तिकडे आहे. थंड भागात ती करू नये, ते झाडाचे घोंगडे आहे. खालची पाने पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत.

डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये कडाक्याची थंडी पडली. बागेतल्या तापमापकाने उणे आठ दाखवले. रुजलेला चुसान उणे पंधराच्या आसपास टिकतो असे पुस्तके सांगतात, पण पुस्तक वाचून झोप लागत नाही. लेकीने पाने वर गोळा करून सैल दोरीने बांधली आणि बागेसाठी मिळते ते पांढरे, हवा जाऊ देणारे कापड गुंडाळले. प्लॅस्टिक मुद्दाम टाळले. आत वाफ साचून गाभा कुजतो. चार दिवसांनी थंडी ओसरताच कापड काढले. बर्फ पडला तेव्हा पंखे भाराने वाकले होते. तिने ते नागपूरहून आलेल्या फड्याने हलकेच झटकले. तो फडा आईंनी तिच्या लग्नात दिला होता आणि तोवर भिंतीला टांगलेलाच होता. मार्चमध्ये नवा भाला वर आला. तिने तो ओढून पाहिला. हलला नाही.

सज्जातल्या झाडाचे काय, असे वाचक विचारतील. तेलाच्या डब्यातून ते पिंपात गेले, पिंपातून बाहेर यायला लागले. पाने सज्जाच्या कठड्याबाहेर झुकली. इमारतीच्या व्यवस्थापनाने दोनदा समज दिली आणि त्यांचेही चुकले नाही. शिवाय आमचीही इथली वर्षे आता मोजकीच उरली आहेत. साठी ओलांडली की नोकरी संपते, नोकरीबरोबर रहिवास संपतो. घर नागपूरला बांधून ठेवले आहे. झाडाला तिकडे नेता येणार नव्हते. २०२३ च्या फेब्रुवारीत एका ओळखीच्या माळ्याने, जो खवानीज भागातील शेतावर काम करतो, ते न्यायची तयारी दाखवली. पाने बांधून, पिंप दोरांनी जिन्यावरून उतरवून, चौघांनी मिळून ते पिकअपमध्ये आडवे ठेवले. चौदा वर्षांचे झाड. सज्जाच्या फरशीवर पिंपाचा गोल डाग राहिला, तो अजून आहे.

शेतावर आम्ही वर्षातून दोनदा जातो. खजुरीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. शेतकरी बीपासून झाड करत नाही. मादीच्या बुडाची पिल्ले काढून लावतो, कारण बीमधून निम्मी झाडे नर निघतात आणि मादी निघाली तरी फळ आईसारखे येईल याचा नेम नाही. माळ्याने हे पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि नर निघाला तर परागासाठी ठेवू, असेही. या वसंतात झाडाला पहिला मोहोर आला. पांढरी, दाट, पिठूळ फुले. झाड नर निघाले. माळ्याने त्याचे तुरे कापून शेजारच्या दहा-बारा माद्यांच्या मोहोरात बांधले. ऑगस्टमध्ये त्यांतल्या एका झाडाचा खजूर त्याने आम्हांला पिशवीभर दिला. आम्ही त्यातला अर्धा लेकीकडे पाठवला.

चुसानमध्येही नर-मादी वेगळी असतात. लेकीच्या झाडाचे खोड आता गुडघ्यापेक्षा थोडे उंच झाले आहे, पण फुलायला अजून काही वर्षे लागतील. तेव्हा काय ते कळेल.